जोडीला कोण हाय?

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. वाचायला शिकले ती राहनाळच्या गोडाऊनमध्ये, खोक्यांवरून. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की घरातले कंटाळलेत. "एकटीच्या जिवावर शिकले," हे शेवटचं वाक्य ठरलेलं. तेच वाक्य माझ्या नातीला नडलं, म्हणून लिहायला बसले.

नात बाहेरून बी.ए. करत होती, शेवटचं वर्ष. बाहेरून म्हणजे पुस्तकं घरी येतात, शिकवायला कुणी नाही, आपलं आपण वाचायचं. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दुपारी टेमघर गावात देवळाच्या ओट्यावर बसायच्या. एकदा भाजीला गेले तर चौघी खिदळताहेत. एक हातवारे करून काहीतरी सांगतेय आणि आमची म्हणतेय, "खोटं! पुस्तकात असं न्हाय. परत सांग."

माझं डोकंच फिरलं. "असा अभ्यास असतो होय? चल घरी."

"आजी, एकमेकींना समजावतोय आम्ही."

"मला कोण आलेलं समजवायला?"

एक मैत्रीण म्हणाली, "आजी, तुम्हाला एक डोकं पुरलं, आम्हाला चार लागतात!" सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

पोरगी गुणी, आली. आतल्या खोलीत दार लावून बसू लागली. मी चहा ठेवायची, शेजारणीला सांगायची, हळू बोल गं, अभ्यास चाललाय. महिनाभरानं ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. "आजी, मी बोलते, तू नुसती ऐक. मला समजलंय का न्हाय तेच समजत न्हाय."

"मला काय कळणार बाय त्यातलं?" म्हटलं आणि डाळ निवडत बसले.

दोन विषय गेले तिचे. पुन्हा फॉर्म भरला नाही. "माझ्या डोक्यात जात न्हाय," एवढंच. आता राहनाळला गोडाऊनमध्येच जाते.

पहिल्या दिवशी डबा देताना मी विचारलं, "जोडीला कोण हाय?" शब्द तोंडातून गेला आणि हात तिथंच थांबला. आमच्या वेळी खोक्याला दोघी लागायच्या. एक कागदावरचं गाव मोठ्यानं वाचायची, दुसरी खोक्यावरच्या नावावर बोट ठेवायची, जुळलं की "हाय" म्हणायची. माझी जोडीदारीण सातवी शिकलेली. मी चुकले की ओरडायची, "ए शहाणे, हे जालना न्हाय, जळगाव हाय! परत बघ." वर्षभरानं तिनं कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, "आता तू वाच, मी बघते."

त्या बाईला मी माझ्या गोष्टीतून कधी काढून टाकलं, आठवत नाही.

"जोडी कसली?" नात म्हणाली. "हातात मशीन देतात. खोक्यावर धरलं की वाजतं. वाचतं कोण?"

परवा ती कामावरून येऊन स्वतःचे पाय चेपत बसली होती. म्हटलं, "पुस्तक काढ. तू बोल, मी ऐकते."

"पुस्तकं ओट्यावर देऊन आले, आजी. आता दुसऱ्या पोरी बसतात तिथं."