दोष कार्डाचाच

कॉम्प्युटरचं एक कार्ड निवडायला आदिनाथला अकरा महिने लागले आणि तेवढ्या काळात त्याच्या बापाची नजर गेली. आता आदिनाथ म्हणतो, मला कसं कळणार? का नाही कळणार बाबा? एका खोलीत दोन माणसं राहत होती. त्यातल्या एकाचे डोळे दिवसेंदिवस विझत होते आणि दुसरा मोबाइलवर कार्डांचे गुणदोष वाचत बसला होता. असो. शिव्या घालायच्या तर नंतरही घालता येतील. पोरगा वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे.

बाप कडुबा. करमाडच्या बाजूचा, मेंढरांचा माणूस. त्याचा बाप मेंढरं राखायचा, आजाही तेच करायचा. दिवस मावळताना दीडशे मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात शिरायची, तेव्हा कडुबा तोंडाशी नुसता काठी टेकून उभा राहायचा. ओठ हलायचे नाहीत, बोट उचलायचं नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचा, "दोन कमी हाईत. त्यातली एक ती कानफाटी." आणि दोन कमीच भरायच्या. गावातले लोक त्याच्याशी पैजा लावून चहा हरलेले होते.

सोळा सालच्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडल्या आणि बांधावर काडी उरली नाही. तेव्हा आदिनाथच बापाला म्हणाला, "आबा, विका आता. मेल्यावर कातडं बी कुणी घ्यायचं नाय." बोलणं शहाणपणाचं होतं. कडुबानं कळप विकला. त्याच वर्षी गोजरबाई, म्हणजे आदिनाथची आई, तापानं गेली आणि म्हातारा पोराच्या मागं शहरात, मुकुंदवाडीच्या एका खोलीत राहायला आला. हातात काठी होती, पण हाकायला काही नव्हतं.

आदिनाथ शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासायला होता. यंत्रावरून भाग उतरला की तो उजेडात धरायचा, मापाला लावायचा आणि केसाएवढा ओरखडा असला तरी बाजूला टाकायचा. बापाची नजर पोराला आली, असं कडुबा गल्लीत सांगायचा. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बघता बघता सात मजले चढले, जालना रोडला नवी नवी दुकानं लागली. नळाला पाणी मात्र सहाव्या दिवशी, तेही आलं तर आलं. गल्लीभर निळे ड्रम उभे. म्हाताऱ्यानं दिवसभर करावं काय?

आदिनाथला एकच नाद होता, कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. दारू नाही, तंबाखू नाही. त्याचा मित्र बुद्धभूषण मुकुंदवाडीतच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्यानंच जुने-नवे भाग जोडून ते यंत्र करून दिलं होतं. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की आदिनाथ स्क्रीनसमोर बसायचा. गेम घोड्यावरचा. परमुलखातल्या रानात हिंडायचं आणि लुटारू भेटले की हाणामारी करायची.

अठरा साली पावसानं पुन्हा तोंड लपवलं. त्या जूनमधली गोष्ट. कडुबा खाटेवर पडल्या पडल्या एकदम ओरडला, "थांब, थांब! घोडं मागं घे. मेंढरं व्हती तिथं!"

होतीच. गेममधल्या एका उतारावर दहा-बारा मेंढरं चरत होती. आदिनाथनं शेकडो वेळा तिथून घोडा पळवला असेल, पण ती कधी पाहिली नव्हती. म्हातारा उठून बसला. "राखणारा कुटं गेला ह्यांचा? अशी उघड्यावर सोडत्यात व्हय? आन् ती लोकर बघ, दोन हंगाम कातरली नाय कुणी. आळशी लेकाचे!" आदिनाथला इतकं हसू आलं की लुटारूंनी त्याला घोड्यावरून पाडलं, तरी त्याला पत्ता नाही.

तेव्हापासून सुट्टीचा दिवस बापलेकांचा झाला. लुटारू गेले खड्ड्यात. आदिनाथ घोडा हळूहळू चालवायचा आणि कडुबा सांगेल तिकडं वळवायचा. दोन वर्षं मुका झालेला बाप पुन्हा घडाघडा बोलायला लागला. कोणतं मेंढरू लंगडतंय, कोणतं गाभण असावं, वारा कुठून आहे. आणि वाऱ्यावरूनच सगळं सुरू झालं.

"गवत हाय, पर हलत नाय रं," कडुबा एकदा म्हणाला. "वारं नाय का ह्या मुलकात?"

आदिनाथला लाजल्यासारखं झालं. घरी आलेल्या पाहुण्याच्या भाजीत मीठ नसावं, तसं. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायचं काम जे कार्ड करतं, ते दोन जीबीचं, फार जुनं. त्याला झेपावं म्हणून आदिनाथनं गवत-वारा सगळं बंद करून ठेवलेलं, त्यामुळं रान म्हणजे नुसता हिरवा रंग फासलेला. "आबा, कार्ड जुनं हाय. नवं टाकलं की एकेक पातं हलंल, बघा."

हे शंभर टक्के खरं होतं, बरं का. आणि तेच नडलं. पहिली तक्रार कार्डाची निघाली, म्हणून पुढच्या सगळ्या तक्रारी त्यानं कार्डाच्याच खात्यात टाकल्या. शिवाय ते कार्ड त्याला स्वतःलाच हवं होतं. बापाचं निमित्त आयतं मिळालं.

बुद्धभूषण म्हणाला, "सहा जीबीवालं घे भाई, मामला खतम." पण आदिनाथ तपासणी खात्यातला! त्या वर्षी कुठल्याशा आभासी नाण्यांपायी लोक पोत्यानं कार्डं उचलत होते आणि भाव आभाळाला भिडले होते. म्हणाला, उतरू दे. भाव जरा उतरले, तर कार्डांची नवी मालिका येतेय अशी बातमी आली. मग जुनी स्वस्त होतील, थांबावं. मग सहा जीबी की आठ? आठ घेतलं तर पॉवर सप्लायही बदलावा लागेल. कार्ड लांबीला कॉम्प्युटरच्या डब्यात बसेल का? त्यासाठी कारखान्यातली पोलादी पट्टी आणून त्यानं डबा आतून दोनदा मोजला. जेवणाच्या सुट्टीत भाकरीपेक्षा मोबाइलकडंच जास्त लक्ष. बुद्धभूषण वैतागून म्हणायचा, "पोरगी बघायला आलास का रे? आठ घरचे पोहे खाल्ले, अजून होकार नाय!"

दसऱ्याच्या सुमारास कडुबानं विचारलं, "आदी, ही मेंढरं एकदम उगवत्यात कुठून? आत्ता व्हतं तिथं मोकळं रान."

आता यात मेख अशी, की कमी ताकदीचं कार्ड खरोखरच तसं करतं. लांबच्या वस्तू उशिरा काढतं, जवळ गेलं की त्या एकदम पुढ्यात उभ्या राहतात. आदिनाथनं तेच सांगितलं. पण कडुबा म्हणत होता ती मेंढरं लांबची नव्हती, स्क्रीनच्या कडेची होती. कोणती मेंढरं, एवढं तरी विचारायचं! नाही विचारलं.

दिवाळीत कडुबा म्हणाला, "कडंला काळं काळं का दिसतं रं हे?"

"कार्डच, आबा. आता महिन्याभरात घेतोच."

म्हाताऱ्यानं खाट पुढं ओढून घेतली. पुढच्या महिन्यात आणखी पुढं. आदिनाथ बुद्धभूषणला कौतुकानं सांगायचा, "आमच्या आबांना गेमचं लई येड लागलंय." बुद्धभूषणनं तेव्हाच विचारलं होतं, "काय रे, तुला दिसतं का ते कडेचं काळं?" आदिनाथ म्हणाला, "मला सवय झालीय. आबांची नजर बारीक, त्यांना खटकतं." काय बोलावं याला! ज्याच्या नजरेवर सगळं गाव पैजा हरलं, त्याच्या नजरेवर शंका घ्यायची, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

खोलीत आणखी काय काय घडत होतं. कडुबानं चहाचा पेला स्टुलावर ठेवायला जावं आणि तो स्टुलाच्या बाजूनं खाली जावा. कडुबा भिंतीला तळवा लावून चालायला लागला होता, एकटा बाहेर पडेनासा झाला होता. आदिनाथ म्हणे, वय झालं. फेब्रुवारीत टँकर आला त्या सकाळी म्हातारा शेजारच्या केसरबाईच्या भरलेल्या ड्रमावर आदळला आणि गुडघा फोडून घेतला. केसरबाई बोलायला फटकळ, पण मनानं चांगली. ती म्हणाली, "आरं, म्हाताऱ्याला दिसत नाय. डोळे दाखव त्याचे." तर हा तिच्यावरच उसळला, "आधी वाटेतले ड्रम हलवा, मग दुसऱ्याचे डोळे काढा!" तिनं पदर खोचला आणि महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. आज आदिनाथ तिच्या दारावरून जातो तेव्हा मान खाली घालून जातो. घालणारच.

अखेर मे महिन्यात कार्ड आलं. सहा जीबीचं. बुद्धभूषणनं अकरा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, जवळजवळ तसंच. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो स्वतः बसवायला आला. डबा उघडला, ब्रशनं धूळ झाडली, कार्ड खाचेत बसवलं आणि स्क्रू आवळले. आदिनाथनं गेम लावला आणि एकेक करून सगळं सुरू केलं, गवत, वारा, सावल्या.

आणि काय सांगावं! रान जिवंत झालं. उतारावरून वाऱ्याची लाट सरकताना दिसायला लागली. आदिनाथच्या अंगावर काटा आला. "आबा, बघा! हलतंय का गवत?"

कडुबा हातभर अंतरावर बसला होता. "हलतंय," तो म्हणाला. "हलतंय रं. चांगलं गुडघाभर हाय." आदिनाथला वाटलं, जिंकलो.

घोडा उतारावर नेला. मेंढरं तिथंच होती. आदिनाथनं मुद्दाम विचारलं, पूर्वी गावातले विचारायचे तसं, "सांगा, किती हाईत?"

कडुबा नेहमीसारखा बघत राहिला. ओठ हलले नाहीत, बोट उचललं नाही. "चार."

स्क्रीनवर तेरा होती. आदिनाथनं बुद्धभूषणकडं पाहिलं. बुद्धभूषण म्हाताऱ्याच्या उजव्या अंगाला उभा होता. त्यानं हातातला पेचकस कडुबाच्या कानाच्या जरा पुढं धरला आणि हलवला. म्हणाला, "आबा, माझ्या हातात काय आहे?"

"तू गेला नाय अजून?" कडुबा म्हणाला. "म्हणलं, मगाशीच गेलास."

तिथंच तिघांची सकाळ संपली. आदिनाथनं स्क्रीन बंदसुद्धा केली नाही, तसाच बापाला रिक्षात घालून डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांतपणे तपासत होत्या. एकेक डोळा झाकून कडुबाला ठिपके दाखवले, दिसला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ बटण दाबलंच गेलं नाही. मग त्यांनी आदिनाथला बाजूला बसवून सांगितलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, कडेपासून नजर जात जाते. उजवा डोळा जवळजवळ गेलाय, डाव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतंय. जे उरलंय ते औषधानं टिकवू.

"आणि गेलेलं?" आदिनाथनं विचारलं. "ऑपरेशन करून?"

"मोतीबिंदू असता तर आलं असतं. हे परत येत नाही." बाईंनी कागदावरून मान वर केली. "कडेचं दिसत नाही, अशी तक्रार कधीपासून आहे?"

"दसऱ्यापासून."

"मग तेव्हाच का नाही आणलं? बरीच नजर वाचली असती."

आदिनाथ तरी काय सांगणार होता? कार्ड बघत होतो? कारखान्यात त्यानं कधी डागी माल पुढं जाऊ दिला नव्हता, असं तो मनात स्वतःलाच सांगायला लागला आणि मग त्याला स्वतःचीच किळस आली.

बाहेर बाकावर कडुबा बसला होता, डोळ्यात औषधाचे थेंब, गालावर पाणी. आदिनाथ शेजारी बसला, नेमका डाव्या बाजूला, दिसावा म्हणून. त्यानं सगळं सांगितलं. लपवून तरी काय करणार!

"म्हंजी कार्डाचं नव्हतं," कडुबा म्हणाला.

"नव्हतं, आबा. चुकलो मी. लई चुकलो."

कडुबा म्हणाला, "मला शंका आली व्हती रं. दिवाळीच्या आधीच. म्हणलं, कडुबा, ही डोळ्याची गोष्ट हाय. पर सांगावं कसं? मेंढरं गेली, तुझी माय गेली, आता डोळे बी गेले म्हणलं तर पोरगं कुटं कुटं पुरं पडंल? चार दिस मनात घोळवलं. मंग धीर करून तुला इचारलं, कडंला काळं का दिसतं. म्हणलं, आता तूच काय ते वळखशील."

आदिनाथ हातातल्या औषधाच्या चिठ्ठीच्या घड्या घालत राहिला.

"तू म्हणला, कार्ड. तू शिकलेला, कारखान्याचा माल तपासणारा. म्या म्हणलं, चला, आपलं नाय, यंत्राचं हाय." म्हाताऱ्यानं शर्टाच्या बाहीनं गाल पुसले. "लई बरं वाटलं मला त्या दिशी. पोटभर जेवलो."

आदिनाथला तो दिवस आठवला. तो घोडा पळवत होता, आणि उत्तर देताना त्यानं मान वळवून बापाच्या तोंडाकडं पाहिलंही नव्हतं.