लोणच्याच्या बरणीतल्या मुंग्या

भाकरी थापायच्या आधी बायको मूठभर ज्वारीचं पीठ बाजूला काढायची. त्यात चिमूटभर साखर. मग घरामागच्या मोकळ्या जागेत, लिंबाखाली मुंग्यांचं बीळ होतं, तिथं टाकून यायची. लेकरू उशिरा झालं, तवापासूनचा तिचा नेम. मी म्हणायचो, "अवं, मले अजून चहा नाही, आन तिकडं पंगत बसून राह्यली."

"त्या गुपचूप खातात. तुमी मीठ कमी म्हनता."

दवाखान्यातून घरी आणलं तवा तिला सगळं समजलं होतं. म्हणाली, "माह्या मागं रडत बसू नका. मुंग्यांले पीठ टाकत जा." दुसरं काही मागितलं नाही.

ती गेली त्याच साली जिल्हा फुटला. एकाचे चार झाले. आमच्या गावाला नवं मंडल भेटलं, तालुक्यासारखंच. मंडल म्हटलं की कचेरी आली, कचेरी म्हटलं की जागा आली. लिंबाखालची जागा सरकारी निघाली. गावात पेढे वाटले, आता कागदासाठी जुन्या मंडलाला, इचोड्याला खेटे नाहीत म्हणून. मीही खाल्ला. खोटं काऊन बोलू.

जेसीबी आला तवा मी कुदळ घेऊन बिळाशी बसलेलो. ड्रायव्हर वरून ओरडला, "बाबा, सोना गाड़ा है क्या?"

"मुंग्या हाये."

हसला. "चाय पीने तक टाइम है."

तेवढ्यात जमेल तेवढी माती मुंग्यांसकट बरणीत भरली. काचेची बरणी, तिचीच, लोणच्याची. ती परातीत ठेवली आणि परातीत पाणी ओतलं. कोठीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून जन्मभर मुंग्यांना धान्यापासून लांब ठेवलं, आता तेच पाणी त्यांना घरात धरून ठेवायला. उजेडानं बिथरायच्या म्हणून तिच्या लुगड्याचा तुकडा बरणीला गुंडाळला. प्यायला ओल्या कापसाचा बोळा. खायला पीठ-साखर, कधी मेलेला नाकतोडा.

सून म्हणाली, "मामाजी, लोकं कोंबड्या पाळतात. तुमी हे काय पाळून राह्यले?"

"कोंबड्या तू कापतेस."

काचेला लागून त्यांनी वाटा कोरल्या. मला वाटलं, बसली घडी. मग मेलेल्या दिसायला लागल्या. बाकीच्या त्यांना ओढत बरणीच्या तोंडाशी आणून टाकत, खाली पाणी म्हणून तिथंच ढीग. नवी एक दिसेना.

शेजारचे म्हातारे मास्तर वाकून पाहून म्हणाले, "यांची आई आणली का?"

"आई कोन्ती?"

"अंडी तीच घालते. ती खाली असते, खोल. तुमी वरची माती आणली."

"मंग आता?"

"आता काय. हाये त्या जगतील तेवढ्या."

तोवर तिथं काँक्रीट पडलं होतं. मी तरी पीठ टाकत राहिलो. पुढं पुढं पीठ तसंच राही, त्याला बुरशी येई.

एका सकाळी सुनेनं रिकामी बरणी घासून उन्हात पालथी घातली. म्हणाली, "मामाजी, कैऱ्या आल्या हाये. घालू काय हिच्यात लोणचं?"

"घाल," मी म्हटलं.

दळण आलं की अजून हात डब्यात जातो. मूठभर पीठ काढतो. जरा वेळ तसाच उभा राहतो, आणि परत डब्यात टाकतो.