बोटं मोडायची राहिली

गल्लीच्या टोकाला शिलाईचं दुकान होतं, नणंद-भावजयीचं. भावजय मशीनवर बसायच्या, नणंद कापड बेतायच्या. भावजय नणंदेला 'वन्सं' म्हणत, म्हणून गिऱ्हाइकं, चहावाला, समोरचा न्हावी, सगळेच त्यांना वन्सं म्हणू लागले. लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या वन्सं साठीला आल्या आणि अख्ख्या गल्लीच्या नणंद झाल्या. वागायच्याही तशाच.

दोघींचं पटत नाही, असं लोक म्हणत. साफ खोटं. पटल्याशिवाय माणूस तीस वर्षं रोज भांडू शकत नाही. शिलाई तिरकी गेली, इस्त्री जास्त तापली, की वन्सं कात्री खाली ठेवून वहिनींच्या नावानं कडाकडा बोटं मोडायच्या. आठ झाली की वहिनी मशीन न थांबवता म्हणायच्या, "अंगठे राहिले, वन्सं."

कात्रीला हात लावायची मात्र वहिनींचीही टाप नव्हती. कात्री गेली की आपण दुकानात नुसतं बसायला येणार, ही वन्संची जुनी भीती.

आणि एके सकाळी त्यांची मूठच मिटेना. सांधे सुजलेले, नळ फिरवता येईना, वेणी घालता येईना. बऱ्याच वेळानं हात जरा सैल पडायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. पण मूठ मिटतच नव्हती, तर झाकणार काय? दुकानात उशिरा येऊ लागल्या. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरू लागल्या. सुट्टीच्या दिवशी हात शालीत गुंडाळून पडून राहायच्या, तर दुसऱ्या दिवशी बोटं आणखीच आखडलेली. आजवर कापड बेतलं, आता बोटांवरच बेतलं होतं. दुखणं त्या सोसत होत्या. जीव अडकला होता तो कात्रीत.

मग एकदा वहिनींनी एका कोटाच्या बाह्या उलट लावल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. वन्संनी कोट फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "असू दे. उसवून घे."

वहिनींनी मशीन थांबवलं. "वन्सं, हात दाखवा बघू."

"माझ्या हातांना काय धाड भरलीय?"

"दोन महिने झाले, माझ्या नावानं एकदाही बोटं मोडली नाहीत तुम्ही. मला झोप लागत नाही हो! आणि बाही चुकलेय मी कधी आजवर? मुद्दाम लावल्या उलट्या. म्हटलं, आता तरी मोडतील."

वन्संचे डोळे भरले. सुजलेले हात त्यांनी टेबलावर ठेवले. "कात्री तेवढी घेऊ नकोस गं," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "संधिवात आहे. पाहुणा नाही, मुक्कामालाच आलाय. गोळ्या चुकवायच्या नाहीत. सकाळी हात कोमट पाण्यात ठेवा, तिथेच बोटं हळूहळू उघडा-मिटा. काम सोडू नका, पण दुखेपर्यंत रेटूही नका. मध्येमध्ये उठून चाला. आणि ते बोटं मोडणं..."

"ते बंदच आहे," वहिनी कष्टी होऊन म्हणाल्या.

बिनलग्नाच्या वन्संना उतारवयात सासू भेटली ती अशी. दुकान उघडलं की कोमट पाण्याचं घमेलं तयार. पिशवी बोटांत अडकवायची नाही, कोपरात घ्यायची. एक कपडा बेतून झाला की गल्लीत एक चक्कर. वन्सं करवादायच्या, "माझे सांधे परवडले, तुझी कुरकुर नको." पण चक्कर मारून यायच्या.

एका सकाळी कात्री जागेवर नव्हती. वन्सं शोधत आत गेल्या. पाहतात तर वहिनी मागच्या खोलीत, कात्रीच्या कड्यांवर कोटाच्या चिंध्या गुंडाळत बसलेल्या.

"पातळ कडी रुतते तुम्हाला. जाड बरी पडेल."

"मला वाटलं, घेतलीस."

"मी घेऊन काय दिवे लावणार? मला सरळ रेघ तरी कापता येते का?"

दुखणं गेलं नाही, पण आटोक्यात आलं. हात सैल झाले की पातळ कापड वन्सं स्वतः बेतायच्या. कोटाचं जाड कापड मात्र काही केल्या झेपेना. शेवटी एक दिवस खडूच्या रेघा मारून झाल्यावर त्यांनी कात्री आपणहून वहिनींपुढे सरकवली. सरकवताना त्यांनी कात्रीकडे पाहिलं नाही.

"घे. रेघेवरून जा."

वहिनींनी जीव मुठीत धरून कापलं, आणि वाकडं कापलं. वन्संचा पारा चढला. दोन्ही हात वर आले, बोटांत बोटं गेली, आणि तिथेच थांबली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या वतीनं मीच मोडते." आणि त्या स्वतःच्याच नावानं कडाकडा बोटं मोडू लागल्या.

वन्संनी पुढे होऊन त्यांचे हात आपल्या सुजऱ्या हातांत धरले.

"पुरे गं बाई! आपल्या दोघींत मिळून आता दहाच बोटं धड आहेत."