गयाच्या दाढेचं खरं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पोरांना नाही, सोयऱ्यांना नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळं बोलतो तसंच लिहितोय. माझी बायको गया माघात गेली. ती जिवंत आहे तोवर तिच्यापुढं एकदा बोलावं, असं लई वेळा मनात आलं. बोललो नाही. आता बोलून तरी काय — पण बोलतो.

गया पदर तोंडाशी धरून जेवायची. एकाच बाजूनं चावायची. जबड्याखाली एक व्रण होता, चुणी पडल्यासारखा. नव्या सुनेनं विचारलं तर म्हणायची, जुनं हाय ते. बस्, तेवढंच.

तो व्रण पडला त्या साली पाऊस झाला नव्हता. तलवाड्याच्या अंगाला आमचं रान नुसतं तापत पडलं होतं. पाटाच्या पाण्यावर जिथं ऊस तगला तिथं आम्ही नवराबायको तोडायला गेलतो, जिल्ह्यातल्याच एका सहकारी कारखान्याला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. गड्यानं तोडायचं, बाईनं मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीला न्यायच्या. बाई आजारी पडली की गडी अर्धा कोयता. मी स्वतः एकाला सगळ्या टोळीत म्हणलो होतो, "काय बे अर्ध्या, आज चूल कुनी पेटवली?" सगळे हसले होते. तोही हसला होता, पण त्याचं तोंड मला अजून दिसतं.

खायला रेशनची तांबडी ज्वारी. दाण्याइतकेच खडे. गया रोज सूप घेऊन निवडत बसायची. त्या सकाळी मला घाई होती. "निवडत काय बसलीस? टाक तशीच," म्हणलं, अन् सूप तिच्या हातातनं घेऊन मीच भांड्यात उपडं केलं. घुगऱ्या शिजल्या. फडातच उभ्यानं खाल्ल्या. कट्‌कन आवाज झाला — बाजूला उभ्या मलाही ऐकू आला. तिची दाढ उभी चिरली.

मग आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. दाढेत तंबाखूची चिमूट दाबली. गालाला चुना फासला. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकलं. सूज वाढतच गेली.

गया म्हणाली, "मला कारखान्याच्या दवाखान्यात न्या. आतून लई ठणकतंय."

म्हणलं, गाडी खाली करायला चाललोय, डाक्टर हाय का बघून येतो. दवाखाना गेटाला लागूनच होता. दार उघडं होतं. डॉक्टर बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसला होता, पेशंट एकही नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मी बैल पुढं हाकले.

आमच्या पाचटाच्या कोपीवर येऊन सांगितलं, "डाक्टर रजेवर हाय."

का म्हणालो असेन? पैसा लागत नव्हता तिथं. लांबही नव्हतं. एवढंच, की दाढ काढली तर ती दोन रोज कोपीत बसणार, अन् मी टोळीत अर्धा होणार. ज्याला मी अर्ध्या म्हणलो होतो, तो मला काय म्हणेल, ते मला आधीच ऐकू येत होतं.

दुपारी शेजारच्या कोपीतली शेवंता आली. पोराच्या डोळ्याला मलम आणलं होतं तिनं, त्याच डॉक्टरकडून. "कावून न्हाई गेलीस गं? डाक्टर बसूनच व्हता की," ती गयाला म्हणाली. मी तिथंच कोयत्याला धार लावत होतो. गयानं माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या सकाळी गालाला फडकं बांधून ती माझ्यामागं मोळ्या बांधायला उभी राहिली.

मग ताप चढला. सूज जबड्याखालून गळ्यात उतरली. दात उघडेनात, बोटही आत जाईना. पाणी ओतलं तर ओठाच्या कडेनं बाहेर. आडवी केली की श्वास घरघरायचा. तेव्हा मी भ्यालो. उसाच्या ट्रकात तिला बसती धरून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेली.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता, पण भडकला. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

अन् मी म्हणालो — गया माझ्या खांद्याला टेकून बसली होती, तिचं तोंड बंद, अन् मी म्हणालो, "साहेब, हीच येईना. लई म्हणलं चल. सुईला भेती."

डॉक्टर तिच्यावर ओरडला. बाई, हट्टापायी जीव गेला असता, म्हणाला. ती बोलू शकत नव्हती. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग डोळे मिटले.

जबड्याखाली चिरून पू काढला. वाचली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं: तंबाखू, चुना, तापली वीट काही लावू नका. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरा, बाहेरून गार फडकं ठेवा अन् लवकर या. सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर घटकाभरही थांबू नका. अन् धान्य निवडून खा. गावात अजून कुणाची दाढ दुखली की माणसं मला विचारायला येतात. मी शहाण्यासारखा सगळं सांगतो.

टोळीतल्या माणसांकडनं माझं खोटं आमच्या आधी गावात पोचलं. गया भित्री, गया हट्टी. पोरं मोठी झाली, तीही चिडवायची, आई सुईला भेती. ती पदरात हसायची. तिचं तोंड नंतर चांगलं उघडत होतं. एका शब्दानं ती मला उघडं पाडू शकली असती. कावून पाडलं नाही, ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

गयाच्या दहाव्याला थोरला सगळ्यांना सांगत होता, आई मरायला टेकली तरी दवाखान्याला जाईना, बाबानं उचलून नेली म्हणून वाचली. सगळे माझ्याकडं मानानं बघायला लागले. थोरल्यानं विचारलं, "व्हय ना, बाबा?"

मी मान हलवली, व्हय म्हणून.