शेजारच्या भाऊंचे ब्रेक ड्रम

गाडी चालवण्यासाठी घेतात, असा आमच्या वडसा गावात एक अडाणी समज आहे. तो खोडून काढायलाच देवानं आमच्या शेजारच्या भाऊंना जन्माला घातलं असावं. लाकूड डेपोत मोजणीदार म्हणून जन्म काढलेल्या या गृहस्थांकडे वडिलांच्या वेळची काळी मोटार आहे आणि अकरा वर्षं दर रविवारी ते तिच्या चारही चाकांचे ब्रेक ड्रम उतरवून पुन्हा बसवत आले. चाक काढायचं, आतलं ते लोखंडी टोपलं सागाच्या हातोडीनं चहूबाजूंनी ठोकून सैल करायचं, पुसून पोत्यावर मांडायचं. अदलाबदल नको म्हणून डाव्याला वहिनींची हळद, उजव्याला कुंकू. पुढच्याला एक बोट, मागच्याला दोन. एवढी पूजा आमच्या ग्रामदैवताच्याही वाट्याला येत नाही. सगळं बसवून झालं की चाक फिरवून कान लावायचे आणि म्हणायचे, "जराशीक घासून राह्यलं. पुढल्या रविवारी पाहू."

वहिनींचं माहेर राजुऱ्याचं. लेक एकदा स्वतःच्या मोटारीतून दारात उतरावी, एवढीच त्यांच्या आईची हौस. "नेतो ना! ब्रेकाचा भरोसा आला का निघालो," असं भाऊ सांगत आणि वहिनी एसटीनं जात.

एकदा मागचा ड्रम काही केल्या निघेना. भाऊंनी सकाळभर ठोकलं, गंजाला शिव्या दिल्या, माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरालाही ओढायला लावलं. वहिनी सूप घेऊन बाहेर आल्या, गाडीत डोकावल्या आणि ओढून ठेवलेला हँडब्रेक खाली केला. ड्रम भाऊंच्या मांडीवर आला. "ढिला तं मीच केला होता," भाऊ म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात राजुऱ्याहून फोन आला, आईनं अंथरूण धरलंय. नेमके चारही ड्रम पोत्यावर. वहिनी पिशवी घेऊन बस स्टँडकडे निघाल्या, तसे भाऊ ओरडले, "थांब वं! मास्तर, चाकं आना लवकर!" तासाभरात आम्ही सगळं बसवलं. गल्लीच्या तोंडाशी एकदा ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि दोघं निघाले. म्हातारी हट्टानं उठून गाडीत बसली, गावातून एक चक्कर मारली म्हणे. आठवड्यानं म्हातारी गेली.

आता रविवारी अंगण गप्प असतं. ज्या ठोकाठोकीला मी इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्यावाचून मलाच करमत नाही. परवा न राहवून विचारलं, "काऊन भाऊ, आज ड्रम नाई काढून राह्यले?"

भाऊंनी फडक्यानं गाडीची काच पुसली.

"काई नोतं झालं जी त्यायले," ते म्हणाले. "अकरा वर्सं ब्रेक चांगलाच होता."