कॅप्चर कार्डाचं कव्हर

गेल्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या गंगाखेडच्या घरी पाहुण्या येणार होत्या... पुण्याच्या चौघी जणी, आणि त्याही स्क्रीनवरून. चहासुद्धा ठेवायचा नव्हता, तरी मी सकाळपासून थकले होते. खरं तर दोन आठवडे थकलेलेच होते. भांडून भांडून.

माझी सून स्नेहा वरच्या खोलीत टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळते आणि तो लोकांना लाइव्ह दाखवते. सोबत आपल्या इकडच्या बोलीत कॉमेंट्री. "आरे पळ की! लग्नाला आल्यावानी काय हुबा ऱ्हायलास!" छत्तीस वर्षं मुलांना नीट बोलायला शिकवून मी निवृत्त झाले... आणि माझ्याच घरात हे. पण लोक त्यासाठीच येतात म्हणे.

पुण्याच्या त्या चौघी मिळून बायकांच्या गेमिंगचा एक कार्यक्रम चालवतात. त्यांना स्नेहाची कॉमेंट्री आवडली होती, पण चित्र असंच राहिलं तर तिला कार्यक्रमात घेता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. रविवारचं लाइव्ह बघून त्या ठरवणार होत्या.

चित्र म्हणजे कसं... पहिली पंधरा-वीस मिनिटं छान. मग सगळं अडखळायचं, माणसांचे चौकोन चौकोन व्हायचे आणि शेवटी स्क्रीन काळी.

व्हिडिओखाली लोकांचे टोमणे. "ताई, चेंडू कुठाय?" "वहिनी, गोदावरीच्या तळातून खेळायलाव का?" हा दुसरा वाचून माझं डोकंच फिरलं. खरं नाव न लावता लिहिणाऱ्यांना माझ्या वर्गात मी बाकावर उभं केलं असतं.

गेमच्या यंत्रातलं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी एक डबी असते, तिला कॅप्चर कार्ड म्हणतात. स्नेहानं तिच्यासाठी सगळं करून पाहिलं. वायर लॅपटॉपच्या जास्त वेगाच्या, निळ्या यूएसबीत लावली, वायफाय सोडून राउटरपासून जिन्यावरून केबल ओढली, बिटरेट, म्हणजे चित्र पाठवायचा वेग, आमच्या लाईनला झेपेल एवढाच ठेवला. सुरुवातीचं चित्र आणखी स्वच्छ झालं... पण वीस मिनिटांपुरतंच.

मग मी मैदानात उतरले. ब्रॉडबँडवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेल्या शिस्तीत, तीन परिच्छेद. त्यांचे टेक्निशियन आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. सगळं तपासून म्हणाले, "मॅडम, लाईन एकदम ओके हाय. आमच्याकडून काईच प्रॉब्लेम न्हाई."

मी त्यांना इतकं बोलले की बिचारे पाणी न पिताच गेले. मग दुकानदाराला फोन, डबी बोगस दिलीत म्हणून. यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आता फक्त दिल्लीला कळवायचं ऱ्हायलंय."

रविवारी तीनला स्नेहा आरशापुढे बसली होती. गेमचं यंत्र, लॅपटॉप, सगळं तासाभरापासून चालूच होतं. म्हणाली, "आई, आज काळं पडलं ना, तर हे समदं बांधून माळ्यावर टाकते मी. लय झालं हसू." धीर द्यावा म्हटलं, तर माझं बोलणं सगळं इतरांवर खर्च झालं होतं.

आमच्या घराची एक रीत आहे. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की घरात धूळ मावत नाही, म्हणून मी प्रत्येक वस्तूला कव्हर शिवते. मिक्सरला, रिमोटला, बंद पडलेल्या फोनलासुद्धा. आणि पाहुणे यायचे म्हटलं की कव्हरं काढते... धुळीची कव्हरं पाहुण्यांना कोण दाखवतं?

पाहुण्या स्क्रीनवरून का होईना, येणार तर होत्या. म्हणून चारला दहा कमी असताना मी वर जाऊन टीव्हीचं कव्हर काढलं, स्पीकरचं काढलं... आणि मग त्या डबीचं. सोफ्याच्या उरलेल्या जाड कापडाचं, आत कापूस घातलेलं, चारही बाजूंनी बंद, फक्त वायरींना दोन भोकं. दोन आठवड्यांपूर्वी मीच हौसेनं शिवलं होतं. स्नेहानं तेव्हा त्याचा फोटो सगळ्यांना दाखवला होता, "आमच्या आईंनी शिवलं" म्हणून.

डबीला हात लागला आणि चटकाच बसला.

मी तिथंच पलंगावर टेकले. चित्र दोन आठवड्यांपासून बिघडलेलं, कव्हर दोन आठवड्यांचं... हे गणित पाचवीतल्या पोरीनं सोडवलं असतं. खाली जाऊन पापड भाजायची जाळी आणली आणि डबी तिच्यावर ठेवली, म्हणजे खालूनही वारं लागेल. "राहू दे ती अशीच," एवढंच म्हटलं. स्नेहानं घाईत मान हलवली.

लाइव्ह सव्वा तास चाललं. मैदानावरचं गवतसुद्धा दिसत होतं. शेवटी चौघींतल्या एकीनं लिहिलं, "पुढच्या रविवारपासून येतेस ना?"

स्नेहा माझ्या गळ्यातच पडली. "आई, तुमी त्या टेक्निशियनला झापलं ना, त्यानंच मागून काईतरी दुरुस्त केलं बघा! तुमच्यामुळं झालं हे!"

आणि मी... ते श्रेय खुशाल घेतलं.

तेव्हापासून घरी येईल त्याला ती हेच सांगतेय, आमच्या आईंनी कसं ठणकावलं ते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन फिरवलं, स्वतःची सांगताना जीभ उचलत नाही. म्हणून इथं लिहितेय.

आज सकाळी टेक्निशियनना फोन करून माफी मागितली. हसले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, पाणी प्यायला येतो कवातरी."

स्नेहा, तू हे वाचशीलच. ते कव्हर मी उसवलंय, ओट्याला दोन चांगली फडकी झाली. चहा टाकलाय... खाली ये, आणि मला काय बोलायचं ते तुझ्या बोलीतच बोल.