आत्याचा शेक आणि भोंग्याचा जबडा

आमची आत्या दातांच्या दवाखान्यात शेक द्यायची. कुणाचा जबडा आखडला की डॉक्टर त्याला तिच्या खोलीत पाठवत. खोली कसली, पडद्यामागची जागा: एक खुर्ची, टॉवेल गरम ठेवायचा डबा आणि शेकाचं यंत्र. ते यंत्र कातडी न भाजता थेट सांध्यापर्यंत ऊब पोचवायचं. मात्र वाटेत धातू आला की ऊब तिथेच साठून चटका बसायचा. म्हणून आत्या आधी झडती घ्यायची. लोक अंगठी काढत, घड्याळ काढत, एका गृहस्थांनी तर कमरेचा पट्टाही काढला. पण दाढेवरच्या धातूच्या टोपीची आठवण कुणालाच नसे. एकदा बसवली की ती त्यांच्या लेखी दाढच.

निदान ते लोक विसरत तरी. तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे आमच्या बाबांनी, तिला चक्क फसवलं.

बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. बाजार त्यांना भोंगा म्हणायचा, आणि घरीही ते हळू बोलतात असा आरोप कुणी केलेला नाही. अक्कलदाढ काढल्यावर दुखेल या धास्तीने त्यांनी तोंड मिटून ठेवलं ते ठेवलंच, आणि जबडा धरला. तोंड जेमतेम बोटभर उघडे. घरातली शांतता आधी आम्हाला आवडली, मग खायला उठली. मुकादमाने कळवलं की नव्या हंगामापर्यंत आवाज फुटला नाही तर लिलावाच्या ओट्यावर दुसरा माणूस उभा राहील. आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा बहिणीकडे गेले.

तोंडच उघडेना, तर आतलं दिसणार कसं? आत्याने विचारलं, दातांवर धातू आहे का. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. खरं तर मागच्या दोन दाढांवर टोप्या होत्या. दात सांभाळले नाहीस म्हणून ताई चारचौघांत झाडेल, या भीतीने दुसऱ्याच डॉक्टरकडून गुपचूप बसवलेल्या. यंत्र सुरू झालं. दाढा तापू लागल्या तरी बाबा गप्प. औषध कडू असतं तसा शेक गरम असायचाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण आत्याची नजर नेहमी रोग्याच्या डोळ्यांवर. तिथे पाणी दिसताच तिने यंत्र बंद केलं.

"काय लपवतोयस?"

"टोप्या आहेत, ताई. मागे."

त्यावर आत्या जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. आपल्या हाताने भावाचं तोंड भाजलं असतं, या विचाराने तिने यंत्र भिंतीकडे ढकललं. बाबा ओशाळून उठले, आता शेक नकोच म्हणाले.

"बस खाली," आत्या म्हणाली. "माझ्या टॉवेलला तुझ्या टोप्यांची अडचण नाही."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी घरी यायची. गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग बाबांच्या. शेक झाला की हळूहळू तोंड उघडायला लावायची. बाबा कंटाळायचे, रुसायचे, मला घरीच बसू दे म्हणायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून पुन्हा टॉवेल पिळायची. एके दुपारी बाबांनी चांगली ऐसपैस जांभई दिली, तेव्हा आईने आम्हा सगळ्यांना ती बघायला बोलावलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी आत्या बाजारात आली आणि पोत्यांमागे उभी राहिली. ओट्यावर भोपळ्यांचा ढीग होता. बाबांची पहिली हाक चिरकली. मुकादम दुसऱ्या माणसाकडे बघू लागला. बाबांनी जबडा चोळला, श्वास घेतला आणि "एक वार!" असं काही पुकारलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं वळून बघू लागली. आत्या घाबरली, या झटक्याने जबडा पुन्हा धरायचा! हळू, हळू, असं खुणावत तिने हात वर केला.

लिलावात वर गेलेला हात म्हणजे बोली. बाबांनी दोन वार केले, तीन वार केले आणि अख्खा ढीग तिला देऊन टाकला. बाजार हसून लोटपोट झाला. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात गाडीभर भोपळे. आत्या मात्र मटकन पोत्यावर बसली आणि रडू लागली.

रिवाजाप्रमाणे बाबांनी ओट्यावरून मोठ्याने विचारलं, "माल कुणाच्या नावावर?"

आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणखी एकदा विचार. ऐकू दे मला."